मीमूनचे कुलूप

१

शुक्रवारी दुपारी मीमून अगझाफ रोबोटखाली चिरडून मेला आणि सोमवारी सकाळी कारखान्याचा अहवाल तयार होता. दीड पानाचा. शेवटचे वाक्य असे होते : ‘मृत कामगाराने स्वतःचे कुलूप न लावता चालू यंत्राच्या जाळीत प्रवेश केला, दोष सर्वस्वी त्याचा.’ खाली सहीसाठी रेघ आखून ठेवली होती. सही व्हायची होती कामगार निरीक्षक बतूल सक्कात यांची.

बतूलने ते वाक्य पुन्हा एकदा वाचले. नोकरीत तिने अशी वाक्ये पुष्कळ पाहिली होती. बॉयलर, लिफ्ट, खडी फोडायचे यंत्र. यंत्र बदलायचे, वाक्य तेच. सुरुवातीला तिला राग यायचा, पुढे नुसती झोप उडायची. आता काहीच होत नसे, आणि काही होत नसल्यामुळे काम बरे व्हायचे.

नुआसरच्या विमानतळाला लागून असलेल्या त्या कारखान्यात विमानाच्या पंखांवरचे आवरण बनत असे. लांबलचक साच्यावर रोबोट काळ्या कार्बन धाग्यांच्या चिकट पट्ट्या अंथरायचा, एकीला लागून एक, थरावर थर. मग ते सगळे भट्टीत दाबाखाली शिजून दगडासारखे व्हायचे. पट्ट्यांची रिळे थंड खोलीत ठेवत. बाहेर काढली की दुधासारखी त्यांची मुदत सुरू व्हायची.

“चहा घेणार ना, लल्ला बतूल?” पाळीचा प्रमुख रश्दी लहलू अदबीने म्हणाला. पन्नाशीचा, नीट दाढी केलेला. डोळ्यांखाली मात्र सूज होती.

“आधी कुलपाचं सांगा, सी रश्दी.”

“रोबोटभोवतीच्या जाळीबाहेर एक लाल दांडा आहे. आत जाणाऱ्यानं तो खाली ओढायचा, म्हणजे वीज बंद. मग त्यात स्वतःचं कुलूप अडकवायचं आणि किल्ली गळ्यात घालायची. कुलूप आहे तोवर दांडा वर जात नाही, रोबोट हलत नाही.”

“आणि शुक्रवारी?”

“जुम्म्याच्या नमाजला सगळे गेले. जाताना दांडा खाली करतात. मी लवकर परतलो. दांड्याला कुलूप नव्हतं. रीळ बाहेर काढलेलं, मुदत चाललेली. मी दांडा वर केला, रोबोट सुरू केला. मीमून मागच्या, रिळांच्या दारानं आत शिरला असणार. त्या दाराला कुलपाची भानगड नाही.”

“शिरताना पाहिलंत त्याला?”

“साचा केवढा आहे ते बघा एकदा. पलीकडे ट्रक उभा केला तरी दिसणार नाही.”

“त्याचं कुलूप कुठं होतं?”

“खिशात. आतल्या पँटच्या. मीच काढलं, सगळ्यांच्या आधी मीच पोचलो.” रश्दीने खणातून कुलूप काढून टेबलावर ठेवले. लाल रंगाचे, त्यावर पांढऱ्या रंगाने नाव लिहिलेले.

“आणखी काही हलवलंत?”

“नाही. अल्लाशपथ, कुलूप सोडून कशालाही हात लावला नाही.”

बतूलने दोन्ही उत्तरे लिहून घेतली आणि सही न करता कागद परत सरकवला. “आधी त्याच्या बायकोला भेटते.”

“संध्याकाळपर्यंत झालं तर बरं,” रश्दी म्हणाला. “तो पंख आज कापून भंगारात द्यायचाय.”

“कुठला पंख?”

“ज्याच्यावर तो पडला तो.”

“नका कापू,” बतूल म्हणाली.

२

देरूआ गावात, रस्त्यालगतच्या तीन मजली घरात, मीमूनची बायको इत्तो वरच्या मजल्यावर राहत होती. तळमजल्यावरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ हम्माद. तोही त्याच कारखान्यात होता. रोबोटने अंथरलेले थर भट्टीत जाण्याआधी प्लास्टिकमध्ये हवाबंद करायचे त्याचे काम. दार त्यानेच उघडले.

“कारखान्याकडून आलात?”

“सरकारकडून.”

“एकच झालं,” हम्माद म्हणाला आणि जिना दाखवून बाजूला झाला.

वर इत्तो शेंगा सोलत बसली होती. रडून झालेले होते किंवा अजून सुरू व्हायचे होते, तिच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हते. भिंतीशी शोकाला आणलेल्या भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचल्या होत्या.

“त्याची चूक होती असं लिहिणार तुम्ही.”

“अजून काही लिहिलेलं नाही.”

“लल्ला, हा माणूस गॅसची टाकी बंद केली का ते बघायला अर्ध्या जिन्यावरून परत यायचा. माझी आई म्हणायची, जावयानं लग्नात दागिन्याच्या आधी वाळूची बादली आणली, आग लागली तर असावी म्हणून. कारखान्यात नव्या पोरांना कुलूप लावायला हाच शिकवायचा. एकानं लावलं नाही तर भर पाळीत त्याचा कान पिरगाळला.” शेंगेतले दाणे वाटीत पडले. “मदत मिळायची तेवढी मिळेल. पण मुलगी शाळेतून येऊन विचारते, बाबा विसरला का गं? शाळेत कोणीतरी सांगितलंय तिला. मी काय सांगू तिला, तेवढं लिहून द्या.”

बतूलने इस्पितळातून आलेली कपड्यांची पिशवी मागितली. इत्तोने ती न बघता पुढे केली. आत पँट, सदरा, कारखान्यात घालायचे पांढरे बूट, आणि गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध असा पांढरा डगला. डगला डाव्या कुशीवरून कात्रीने उभा चिरला होता. समोरची चेन मात्र गळ्यापर्यंत लागलेली होती.

“त्याचे बाहेरचे जोडे यात नाहीत,” बतूल म्हणाली.

“त्या काय दाराशी, पिवळ्या सपाता. निळा दोरा दिसतोय ना टाचेला? माझी शिवण आहे ती. पिवळा दोरा मिळाला नाही तेव्हा. त्याच दिवशी हम्मादनं घरी आणल्या.”

बतूलचे लक्ष चेनीकडेच होते. आतल्या पँटच्या खिशात हात घालायचा तर आधी डगला उघडायला हवा. इस्पितळवाल्यांनी तो उघडला नव्हता, कापला होता. म्हणजे त्यांच्या हाती आला तेव्हा बंद होता. रश्दीने कशालाही हात न लावता बंद डगल्याच्या आतून कुलूप काढले होते. आणि डगला त्याने उघडला असे मानले, तरी मेलेल्या माणसाची चेन गळ्यापर्यंत परत कोण लावतो?

कुलूप त्या खिशात नव्हतेच. मग ते होते कुठे?

३

रोबोटला हुकूम लिहून देणारी इंजिनियर घिझलान ही तिशीची मुलगी होती. तिने बतूलला पांढरा डगला चढवायला दिला. बतूलने पेन ठेवायला खिसा चाचपला. सापडला नाही.

“खिसे नसतात यांना,” घिझलान म्हणाली. “पेन पडलं आणि दोन थरांच्या मध्ये गेलं, तर पंखच वाया.”

“मग कुलूप कशात नेता?”

“न्यायचं कशाला? कुलपं जाळीजवळच्या खुंटीवर असतात. आत जाताना काढून दांड्याला, बाहेर येताना परत खुंटीला.”

पंख साच्यावरच होता, प्लास्टिकखाली. रक्त पुसले होते. काळ्या पृष्ठभागावर त्याचा डाग तसाही दिसला नसता. बतूलने विचारले, की मीमून जिथे सापडला तिथे काही वेगळे आहे का. घिझलानने छताला बसवलेला प्रकाश लावला. पट्ट्या कुठे असायला हव्यात ते दाखवणाऱ्या बारीक हिरव्या रेघा पंखावर उमटल्या. सगळ्या पट्ट्या रेघांत बसत होत्या. एक सोडून. ती रेघेपासून केसभर बाजूला होती, आणि तिच्या कडेला दाबाच्या आखूड खुणा होत्या, लोणी पसरताना सुरीच्या उठतात तशा.

“हे रोबोटचं काम नाही,” बतूल म्हणाली.

“नाही.”

“मग?”

“हाताचं आहे.” घिझलान खाली साच्याकडे बघत बोलत होती. “सुट्टी व्हायच्या आधी मला पडद्यावर एक पट्टी पिळलेली दिसली. मी मीमूनला म्हटलं, नमाजहून आल्यावर बदलून टाक. तो म्हणाला, तोवर रीळ शिळं होईल. मी थांबतो, नमाज आज घरी भरून काढीन. मी जेवायला गेले. त्यानं कधी जुम्मा चुकवल्याचं मी पाहिलं नव्हतं.”

“हे कोणाला सांगितलं नाहीस?”

“कोणी विचारलं नाही. अहवाल आला, त्यात माझं नाव नव्हतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?”

बतूलने तिला दोष दिला नाही, समजूतही घातली नाही. “अशी पट्टी बदलायची म्हणजे काय करायचं?”

“जुनी उचकटायची, नखाएवढी नखाएवढी, खालचा थर फाटू न देता. मग नवी बसवायची आणि दाबत जायचं. तासाला थोडंच कमी. रोबोट चालू असताना नाही हं. ते धूड घोड्यासारखं धावतं, लल्ला. त्याच्या पुढ्यात बसून कोणी टाके उसवत नाही.”

म्हणजे रोबोट सुरू होण्याच्या कितीतरी आधी मीमून आत होता. वीज बंद होती. आणि गॅसची टाकी बघायला अर्ध्या जिन्यावरून फिरणारा माणूस दांड्याला कुलूप न लावता आत बसणार नव्हता. त्याने कुलूप लावले होते. तो आत असताना ते कोणीतरी काढले होते.

“या कुलपांची दुसरी किल्ली कोणाकडे असते?”

“एकाच माणसाकडे. रश्दीच्या खणात.” घिझलानने हिरवा प्रकाश बंद केला. “त्या दोघांचं बोलणं बंद होतं, ते ठाऊक आहे ना तुम्हाला? मीमूननं ज्या पोराचा कान पिरगाळला, तो रश्दीचा भाचा.”

४

बतूलने मीमूनचे कपाट उघडून घेतले. त्यात घरचा डबा होता, न उघडलेला, आणि फोन. फोनवर शुक्रवार दुपारचा एकच न घेतलेला कॉल होता. रश्दीचा.

ती फोन घेऊन बाहेरच्या दाराशी गेली. तिथे लाकडी मांडणी होती. प्रत्येक कामगार तिच्यात आपले बाहेरचे जोडे ठेवून पांढरे बूट घालत असे. तिने रश्दीला तिथेच बोलावले.

“कुलूप खिशात नव्हतं,” ती म्हणाली. “डगल्याची चेन गळ्यापर्यंत लागलेली आहे. तो आत बसून पट्टी बदलत होता. कुलूप दांड्याला होतं आणि तुम्ही ते काढलंत. भाच्याच्या कानासाठी काढलंत असं लोक म्हणतील. मी म्हणत नाही.”

रश्दी मांडणीच्या कडेवर टेकला. नाकारायची त्याला ताकद नव्हती, की इच्छा नव्हती, कोण जाणे.

“का नाही म्हणत?”

“तुम्ही त्याला फोन केलात म्हणून. मारायचं असतं तर आधी फोन कशाला केला असता? आणि देखावा म्हणून केला असता, तर पहिल्याच पानावर मिरवला असता. तुम्ही तो लपवलात, कारण कुलूप लटकत नसतं तर फोन करायचं कारणच नव्हतं, हे कोणालाही कळलं असतं.”

रश्दी म्हणाला, “दर शुक्रवारी कोणाचं ना कोणाचं कुलूप तसंच राहतं. नमाजच्या घाईत विसरतात. मी माझ्या किल्लीनं काढतो. माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय काढायचं नाही असा नियम आहे. पण माणसं मशिदीत आणि रीळ इथं म्हातारं होत चाललेलं. आधीच एक पंख त्या महिन्यात वाया गेला होता.”

“हाक मारलीत?”

“मारली. पंख्यांच्या आवाजात काय ऐकू जाणार? फोन लावला, वाजत राहिला. मशिदीत कोण उचलतो, असं वाटलं.”

“फोन कपाटात होता. आत न्यायला बंदी आहे, तुमचीच.”

“हो. माझीच.”

“आणि तेवढ्यावर कुलूप काढलंत?”

“नाही.” पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा चढला. “तेवढ्यावर नाही. मी इथं आलो. आत कोण आहे ते आम्ही इथंच बघतो, सगळेच बघतात. जोडे मांडणीत आहेत तर माणूस आत आहे, नाहीत तर बाहेर गेलाय. मीमूनचा खण रिकामा होता. निळ्या दोऱ्याच्या सपाता साऱ्या कारखान्याला माहीत आहेत. नव्हत्या. मग मी म्हटलं, गेला.”

“अनवाणी आत होता का तो?”

“पांढऱ्या बुटांत होता. मीच त्याला...” त्याने रिकाम्या खणाकडे पाहिले. “मग सपाता कुठं गेल्या? तीन दिवस तेवढंच चाललंय डोक्यात. कोणी विश्वास ठेवणार नाही माझ्यावर. कुलूप माझ्या मुठीत होतं, लोक धावत आले, कोणीतरी विचारलं याचं कुलूप कुठंय. मी म्हणालो, खिशात. एकच शब्द बोललो. बाकीचं सगळं वरच्यांनी त्यावर बांधलं.”

“हे लिहून सही करा.”

“करतो. पण सपातांचं तुम्हाला पटतंय का?”

बतूलला पटत होते. निळ्या दोऱ्याच्या सपाता तिने सकाळीच पाहिल्या होत्या. त्यांनी कारखाना कोणाच्या पायात सोडला, एवढेच विचारायचे राहिले होते.

५

हम्माद देरूआच्या घराच्या पायरीवर बसून होता. समोर कोणीतरी ठेवलेली ताटली तशीच झाकलेली होती.

“शुक्रवारी नमाजला काय घालून गेलास?” बतूलने विचारले.

“मीमूनच्या सपाता. माझ्या एकीचा तळ सुटला होता. तो काही हलताना दिसला नाही, मग घातल्या.” हम्मादने खांदे उडवले. “आमचं असंच चालतं. मशिदीतून एकदा तो माझ्या घालून आला, तर आठवडाभर परत दिल्या नाहीत. वर म्हणाला, तुझ्यापेक्षा माझ्याच पायांना शोभतात.”

“परत मांडणीत ठेवल्या नाहीस?”

“ठेवणारच होतो. आलो तर दाराशी रुग्णवाहिका. त्याच पायांनी इस्पितळात गेलो, त्याच पायांनी घरी.” त्याने वर पाहिले. “सपातांचं काय?”

बतूलने वही मिटून पिशवीत टाकली.

“सपातांचं काय, लल्ला?”

“आधी इत्तोशी बोलते,” ती म्हणाली आणि जिना चढली. मागून त्याने पुन्हा विचारले नाही.

इत्तोने तिला बसायला सांगितले आणि चहा केला. बतूलने गाडीत बसून लिहिलेला अहवाल बाहेर काढला.

“सगळा नको,” इत्तो म्हणाली. “त्याचं तेवढं वाचा.”

बतूलने वाचले : “‘मीमून अगझाफ याने वीज बंद करून स्वतःचे कुलूप लावले होते. तो आत काम करत असताना पाळीच्या प्रमुखाने दुसऱ्या किल्लीने ते काढले आणि रोबोट सुरू केला. मृताकडून कोणतीही चूक झाली नाही.’”

“पुन्हा.”

तिने पुन्हा वाचले. इत्तोने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. तिचे ओठ बतूलच्या मागोमाग हलत होते. मुलीला सांगायला पाठ करत असावी.

“रश्दीनं का काढलं? आत माणूस आहे हे कळलं नाही त्याला?”

“पुढच्या वाक्यात आहे.”

“वाचा ना मग.”

“‘मृताच्या सपाता मांडणीत नव्हत्या. त्यामुळे तो नमाजला गेला असा पाळीच्या प्रमुखाचा समज झाला. त्या सपाता मृताचा मेहुणा हम्माद घालून गेला होता.’”

चहाच्या पेल्यातला पुदिना तळाशी बसत गेला. इत्तो दाराकडे बघत नव्हती. कुठेच बघत नव्हती.

“त्याला पकडतील?”

“नाही. दुसऱ्याच्या सपाता घालणं गुन्हा नाही.”

“मग ते वाक्य नसलं तरी चालेल. मीमूनचं तर वर आलंच.”

“चालेल. पण मग रश्दीनं तो गेला असं समजून काढलं, की आत आहे हे ठाऊक असून काढलं, हे कळणार नाही. भाच्याचं भांडण सगळ्यांना ठाऊक आहे. तो खुनी ठरेल.”

“ठरू दे,” इत्तो म्हणाली.

बतूलने कागद मिटला नाही. अशा वेळी काय बोलावे ते एके काळी तिला सुचायचे. आता ती फक्त थांबली. खाली रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी गेली. वरून एक विमान गेले.

“सपाता आहेत का ते रश्दीनं बघितलं होतं, हे खरं आहे ना?” इत्तोने विचारले.

“खरं आहे.”

“मग राहू द्या. खोटं नको मीमूनच्या नावाच्या कागदात.” ती उठली. “पण हम्मादला कागदातून कळायला नको. मी सांगते.”

ती खाली उतरली. बतूल वरच्या पायरीशी उभी राहिली. हम्माद पायरीवरून उठून आपल्या खोलीत गेला होता. इत्तोने दार वाजवले.

“हम्माद, वर चल. आधी थोडं खाऊन घे, मग एक सांगायचंय तुला.”

मग दाराला अगदी लागून, आतल्या बाजूने त्याचा आवाज आला.

“मला कळलं, इत्तो. त्यांनी विचारलं तेव्हाच कळलं.”

“तरी वर चल,” इत्तो म्हणाली.